चतुःसीमा

खरेदीखतात लिहितात तसं लिहायचं तर
पूर्वेस पिठाची गिरण, एकशे दहा पावलं.
जोंधळा टाकून चहा पिऊन येईपर्यंत
पीठ कोमट हातात.
दक्षिणेस गंगावेशीचा दूधकट्टा,
म्हैस समोर, धार समोर,
मिशीला फेस लागला तर
शेजारचा अनोळखी माणूसच म्हणतो, "पुसा की!"
पश्चिमेस मोहसीनचं मेडिकल.
तिथं चिठ्ठी लागत नाही.
मला लांबून बघूनच तो रक्तदाबाच्या गोळ्या काढून ठेवतो,
आणि चेहरा बरा वाटला नाही तर
दोन मिनिटं बसवून घेतो.

चौतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची,
राधानगरीपासून शिरोळपर्यंत ओढली
दुसऱ्यांच्या बांधांवरून.
भावाभावांच्या मध्ये दगड रोवले,
एकाच्या शिव्या खाल्ल्या, दुसऱ्याचं ताक प्यालो.
म्हणून निवृत्तीचं घर घेताना
मी रंग बघितला नाही, फरशी बघितली नाही,
शुक्रवार पेठेत तीन दिवस नुसता चाललो.
पोस्ट, बँक, दवाखाना, न्हावी,
रविवारचं मटण,
सगळं पाचशे पावलांत बसलं
तेव्हाच इसार दिला.

शालन म्हणाली, "आणि जिना?"
मी म्हणालो, बघू.

आमच्या मोजणीत उंची धरत नाहीत.
डोंगर असला तरी साखळी आडवीच ताणायची,
नकाशावर तो सपाट उतरतो.

तेवीस पायऱ्या.
पहिली काही वर्षं त्या कुणी मोजल्याच नाहीत.
एकोणीसच्या महापुरात तर
पाणी पाचव्या पायरीवर आलं नि थांबलं.
तळमजल्याचे चौगुले आठ दिवस आमच्यात राहिले,
शेळीसकट.
पाणी ओसरल्यावर शालननंच
जिन्याला हळदकुंकू वाहिलं.

मग तिचे गुडघे.
आता गिरण एकशे दहा पावलं नाही,
एकशे दहा, अधिक उतरतानाच्या तेवीस,
अधिक चढतानाच्या तेवीस,
आणि चढतानाच्या तेवीस म्हणजे नेमक्या किती
हे मला कुठल्याच कोष्टकात सापडत नाही.
गेल्या शुक्रवारी ती उतरलीच नाही.
म्हणाली, "इथूनच हात जोडते."
दहा मिनिटांवरच्या अंबाबाईला.

सुजितचा फोन येतो.
"बाबा, उचगावला फ्लॅट बघितलाय. लिफ्ट आहे."
मी विचारलं, लिफ्टच्या जवळ काय आहे?
तो जरा थांबला. म्हणाला, "पार्किंग."

उत्तरेस पंचगंगा.
तिकडची पावलंही मोजलेली आहेत,
कागदावर घेतलेली नाहीत.
जिना चौघांना अरुंद पडेल,
हेही टेप लावून बघून झालंय.

खिडकीतून दोरीला बुट्टी सोडतो आम्ही.
बायजाक्का मेथी घालते, वर तोंड करून ओरडते,
"वैनी, दिसंना झालासा की ओ!"
शालन वाकून बोलते, हसते,
पण बुट्टीत बसून कुणी वर येत नाही.

अकराव्या पायरीला जिना वळतो.
काल तिथं मी एक लाकडी स्टूल ठेवलं,
भिंतीत धरायला कडी ठोकली.
आज संध्याकाळी शालन
बारा पायऱ्या उतरून तिथं बसली.
बायजाक्का अकरा चढून आली, धापा टाकत, पाटी डोक्यावरच.
चौगुल्यांची सून वाटाण्याच्या शेंगा घेऊन आली,
तिच्या मागून तिचं पोर,
पोरामागून शेळी.
जायला वाट म्हणून राहिली नाही.

मी वर किटली घेऊन उभा,
कट्ट्यावर धार काढायची वेळ झालेली.
"थांबा जरा," शालन म्हणाली,
"एवढ्या शेंगा होऊ देत."