नववा छर्रा
(अस्मारा, तिसरा मजला)

आधी फरशीवर चादर पसर, सेमहार.
पांढरीच घे. डाग पडू देत.
काळ्या चादरीवर काळा नट शोधण्यात
माझी अर्धी नजर गेली.

ही फ्रेम किदानेनं देकेम्हारेच्या भंगारातून आणली होती.
वर गेरू, खाली हिरवा, त्याखाली पिवळा,
आणि तळाशी, टोकरलंस तर दिसेल,
कुणा इटालियनाचा आकाशी.
टोकरू नकोस.
टिचकी मार. ठण्ण आलं तर नळी धड,
भद्द आलं तर आत कुठेतरी चीर.
ऐकलंस?
धड आहे.

जे सोडवशील ते तारेत ओव,
सुटलं त्याच क्रमानं. वॉशर, नट, वॉशर, कोन.
जोडताना तार उलटी वाचायची.
किदाने सगळं डोक्यात ओवायचा.
त्याच्या प्रत्येक सायकलीतून एक वॉशर उरायचं,
आणि तो म्हणायचा,
कारखान्यानं जास्तीचं दिलं होतं.

मधल्या वाट्यांचे आटे दोन्हीकडे सुलटे. फ्रेम इटलीची आहे.
खालचा तेस्फाझगी वर येईल,
त्याची सायकल इंग्लिश, तो सांगेल उजवी उलटी फिरव.
त्याला कॉफी पाज.
पाना देऊ नकोस.

पेडलचं मात्र वेगळं:
पाना वर धरून दोन्ही पुढच्या चाकाकडे पिळायची.
म्हणजे डावं आपोआप उलटं बसतं.
हे न कळल्यानं एकानं आटे खाल्ले, क्रँक वाया घालवली,
आणि क्रँक काही कांद्यासारखी बाजारात मिळत नाही.
(तो एक म्हणजे मी. एकोणिसाव्या वर्षी.)

सीटच्या दांड्याला ग्रीस लाव. आत्ता लाव.
पुढच्या वर्षी तू उंच होशील आणि तो गंजून बसलेला असेल.

चाकाला स्टँड नाही तर नाही.
सायकल उलटी कर, फ्रेमला खडू बांध,
रीमला जेमतेम टेकेल असा,
आणि चाक फिरव, हळू, पोळपाटावरून पीठ झटकावं तसं.
खडूची रेघ उठेल तिथे रीम बाहेर आली.
पलीकडचा आरा पाव फेरा कस.
पाव म्हणाले मी!
आता बोटानं छेड. क्रारच्या तारा कशा,
तसे एका बाजूचे सगळे एका सुरात हवेत.
हा बेसूर आहे. हाही.
हा राहू दे, याला म्हातारपण आलंय.

लाइट गेली.
बरं झालं, मेणबत्ती हवीच होती.
ब्रेकच्या तारेचं टोक मेणात बुडव, विसकटत नाही.
टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी आण.
ट्यूबला भोक पडलं की तिथून बोटानं मोजायचं,
काटा टायरमध्ये नेमका तेवढ्याच अंतरावर
लपून बसलेला असतो.

शेवटी मागचा हब.
ग्रीस भर, त्यात छर्रे रोव, चिकटून राहतात.
एका बाजूला नऊ.
किती झाले?
पुन्हा मोज.

आठ.

मोगोगोखाली बघितलं, तुझ्या सँडलमध्ये,
कॉफीच्या भाजणीत, जिथे प्रत्येक दाणा
मेणबत्तीच्या उजेडात छर्राच वाटत होता.
कॉफीची पहिली फेरी झाली, दुसरी झाली,
तिसरी पाणचट होऊन जेबेनात उकळत राहिली.
तेस्फाझगी वर आला, म्हणाला, आठांवर चालतं.
यावेळी त्याचं ऐकलं.
आठांवर चालतं, जरा लवकर झिजतं.
चालेपर्यंत चालवायची, मग उघडायची.

सकाळी तू जिन्यानं सायकल खांद्यावर घेऊन उतरलीस,
तीन मजले, एकदाही न आपटता,
आणि कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी वळलीस
हात न दाखवता.
(ती टीप द्यायची राहिलीच.)
फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येईतो
मी खिडकीत होते.

मग चादर झटकली.
टप्प.
फरशीवरून घरंगळत कपाटाखाली गेला, परत आला,
माझ्या अंगठ्याला टेकून थांबला.

किदानेच्या वॉशरांची काडेपेटी अजून आहे.
त्यात टाकला.
उद्या तू विचारशील, सापडला का?
सांगेन,
कारखान्यानं जास्तीचा दिला होता.