टाळू भरली नाही अजून

दिवा लावू नका. गाडीचासुद्धा नाही.
या डोंगरावर रात्री आम्ही
पार्किंगच्या मिणमिणत्या पिवळ्यावर चढतो.
सतरा वर्षं झाली. वळणं हातांना पाठ आहेत.

मी एर्मिंदा साइरे. दुर्बीण मी फिरवते.
बघतात दुसरेच.

आज फ्राउके आली आहे, हाइडेलबर्गची.
अंगात दोन स्वेटर, वाळवंटाच्या हवेनं
नाकाचं सालपट निघालेलं.
तिला हवेत ते दोन तारे,
जे माझ्या पडद्यावर एकच दिसतात :
इतके जवळ, इतके तापलेले,
फुगडीत मागे रेललेल्या पोरींसारखे
एकमेकांच्या ओढीवर तोललेले.

वय काय, मी विचारलं.
दीड कोटी वर्षं.
मग म्हातारेच की!
ती हसली. आपला सूर्य साडेचारशे कोटींचा, म्हणाली,
ही तर तान्ही.
आणि फार जगणारही नाहीत,
भसाभसा जळतात.

म्हणजे टाळू भरली नाही अजून.
हात ठेवला तर आतलं
धडधडणं लागेल तळव्याला.

मग आम्ही तारे झाकले.
दुर्बिणीच्या पोटात एक काळी टिकली असते,
ती नेमकी उजेडावर बसवायची.
हे काम माझं.
केसभर सरकली की सगळं पांढरं.

मला याचं नवल नाही.
तोकोनाओत मामा लामांचा कळप राखायचा,
त्यानं आकाश दाखवलं ते असंच, उलटं :
तारे नको बघू, मधला काळोख बघ.
ही मान. ही पाठ.
हे पोटाखाली लुचणारं पिल्लू.
पुढे शाळेत मास्तरांनी
ठिपके जोडून फळ्यावर शिकारी काढला.
मला काही केल्या दिसेना.

पहाटे तीनला दिसला.
कडेला, भलतीकडेच, एक कण.
सूर्यापासून आपण जेवढे लांब
त्याच्या पाचशेपट लांब, त्या दोघांपासून.
कुणीही म्हणावं, याचं त्यांचं नातं काय?

फ्राउकेनं जुनं चित्र उघडलं,
याच डोंगरावरचं, सोळा वर्षांपूर्वीचं.
एकावर एक ठेवलं.
मागचे तारे मागेच राहिलेले,
जोडी किंचित सरकलेली,
आणि तो कणही तेवढाच,
त्याच दिशेला, अंतर राखून.
तिनं मला मिठीच मारली.

चित्राखाली नोंद होती :
"कडेला डाग. बहुधा मागचा तारा. सोडून दिला. ए. सा."

ए. सा. म्हणजे मी.

तेव्हा ओसिएल चार महिन्यांचा होता,
खाली कालामात, माझ्या बहिणीकडे.
सात रात्री इथे, सात रात्री तिथे.
दूध भरून यायचं
आणि मी ते बेसिनमध्ये पिळून टाकायची,
नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
कसली नजर, कसला डाग.

आता तो अंतोफगास्ताच्या बंदरात
क्रेन चालवायला शिकतोय.
फोन केला तर उचलतो. कधीकधी.

फ्राउके सांगत होती :
त्या ग्रहावर ताऱ्यांचा उजेड नावापुरता पोचतो.
जन्मतानाची ऊब अजून अंगात आहे,
तिनंच तो दिसतो आपल्याला.
आणि एका फेरीला
चार-पाच हजार वर्षं लागतात.
मी मान हलवत होते.
चहात कोकाची पानं फुगून वर आली होती.

जुनी नोंद पुसता येत नाही.
यंत्र फक्त खाली नवी ओळ घेतं.
मी लिहिलं : डाग नव्हता.
या वेळी नाव पूर्ण लिहिलं.

उतरताना उजाडलं होतं.
तिसऱ्या वळणावर फोनला रेंज येते,
तिथे गाडी थांबवली.
दगडावर एक विस्काचा
डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसला होता.
त्याची झोप मोडू नये म्हणून
इंजिन बंद केलं,
आणि बराच वेळ
नुसताच नंबर बघत राहिले.