पेरादाचा डबा

फेरीत डबा मांडीवर घेऊन बसले होते.
शेजारच्या बाईनं विचारलं, पेराद कुठलं?
म्हटलं, पेराद कधीच खाऊन झालं. आत आता
दोन ट्रान्स्फॉर्मर, एक ऑप्टोकपलर,
थोडे रेझिस्टर आणि माझे तीन रविवार.
तिनं मासळीची पाटी जराशी लांब सरकवली.

ट्रान्स्फॉर्मर मिळाले मळ्यातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेत,
जुन्या मोडेमच्या पोटात. बोटाच्या पेराएवढे.
डब्याला अर्थची तार जोडताना पत्रा तापला
आणि डाख धरायच्या आधीच
पेरूचा वास सुटला खोलीभर.

दिवाडीला कायतानबाब वाट बघत होते, बाल्कांवात,
इस्त्रीचा शर्ट घालून.
सव्वीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर.
आता उजवा हात थरथरतो: मोर्सची चावी दाबली
की एका टिंबाची तीन होतात.
कान तर आधीच गेलेत, बॉयलरच्या शेजारी.
परवाना मात्र दर वेळी न चुकता नवा केलेला,
भिंतीवर, सांत आंतोनच्या खाली.

पहिल्यांदा मी आळस केला होता,
संगणक आणि रेडिओ सरळ तारेनं जोडले.
भुंगा शिरला. पन्नास हर्ट्झचा, हट्टी, भिंतीतून येणारा.
दोघांची जमीन वेगळी, आणि दोघं एकाच तारेवर हक्क सांगणारे.
म्हणून हा डबा. ह्या वेटोळ्यात बोलणं शिरतं,
त्या वेटोळ्यातून निघतं,
मध्ये तांबं तांब्याला शिवत नाही.

कायतानबाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं.
खूप वेळ बघून म्हणाले,
म्हणजे पलीकडचे दोघे भाऊ. समोरासमोर बसतात,
बोलतात कुत्र्याशी.

आणि ही काळी, सहा पायांची?
सिरीयल पोर्टची सातवी पिन हिला जागं करते.
आत एक दिवा लागतो, कुणाला न दिसणारा,
समोरचा डोळा तो बघतो
आणि रेडिओ ऐकणं सोडून बोलायला लागतो.
दिव्याचं त्यांना फार पटलं नाही.
न दिसणारा दिवा लावायचा कशाला, म्हणाले.

फटू पाडेली माडावर चढून तारेचं टोक बांधून आला होता,
मजुरी घेतली, वर दोन शहाळीही आमचीच नेली.

चौदा शून्य सत्तर. पडद्यावर निळा पट्टा वरून खाली सरकत राहिला,
ह्याला धबधबा म्हणतात, मी सांगितलं.
त्यात पिवळ्या बारीक रेघा. एकेक रेघ म्हणजे
कुठंतरी टेबलाशी बसलेला एकेक माणूस.
कायतानबाबांनी चष्मा पुसला. एका रेघेवर बोट ठेवलं,
बोट थरथरत दोन रेघा पुढं गेलं, परत आलं.

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्यालाही नाही.
मी आवाज कमी केला, डब्यातला स्क्रू अर्धा फेरा मागं घेतला
(जास्त जोरात ओरडलं की अक्षरं फाटतात).
तिसऱ्या वेळी एक रेघ हलली आणि खाली
अक्षरं यायला लागली, एकेक, अडखळत:
मापुतो.

कायतानबाब खुर्चीत सरळ झाले.
ह्या बंदरात त्यांचं जहाज एकदा अकरा दिवस अडकलं होतं,
एवढंच म्हणाले, पुढचं सांगितलं नाही.
मग एका बोटानं टाइप करायला लागले,
बोआ नोइत,
दोन ओ जास्तीचे पडले.
मी खोडायची कळ दाखवली. ती न दाबता
त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर
पाठोपाठ आठ वेळा टकटक केलं.
चूक झाली, ह्याची जुनी खूण.
लाकडापलीकडं ती कुणाला गेली नाही.

शेवटच्या फेरीचा भोंगा मला ऐकू आला.
त्यांनी मान वर केली नाही.
एक हात कीबोर्डवर, दुसरा डब्यावर सपाट,
डबा कोमट आहे का, बघत असावेत.
मी चप्पल घातली. मग काढून ठेवली.