काळी एकच्या अंमळ वर

तहसीन ज्या देशात कामाला आहे
त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.
ती म्हणते, चाचा, आपल्या सांगली जिल्ह्यात
त्याच्यापेक्षा माणसं जास्त.
मी म्हटलं, मग निवडणूक दुपारपर्यंत आटोपत असेल.

जमिनीखाली शंभर मीटर, दुसऱ्याच कुठल्या मुलखात,
गोल बोगदा आहे.
त्यात कण पळवतात, एकमेकांवर आपटतात
आणि काय काय उडतं ते बघत बसतात.
खर्च कुणा एकाला झेपणारा नाही,
म्हणून वर्गणी.
मोठ्यांनी मोठी पावती फाडली.
ह्यांनी ऐपतीप्रमाणे फाडली
आणि वर अंगमेहनत कबूल केली:
एका पेटीच्या एका कोपऱ्यातल्या
बावीसशे तारा आम्ही ओढून देतो.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकली, हे खरं.
नऊ वर्षांची असल्यापासून
मिरजेत ह्याच ओट्यावर तरफा बसवायची, हेही खरं.
अर्जात तिनं दोन्ही लिहिलं होतं.
त्यांनी कोणतं वाचलं, माहीत नाही.

तार केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी,
वर सोन्याचा मुलामा.
उजेड तिरका पडला तरच दिसते.
हातमोजे, टोपी, तोंडाला फडकं,
शिंक आली तर बाहेर.
शेजारी अलेंका म्हणून बाई बसते,
तिची आई लेस विणायची.
दोघी मिळून दिवसाला चाळीस.
एकदा दीडशेच्या पुढं गेल्या आणि एक सुटली,
गुंडाळी होऊन बाकीच्यांवर पडली.
चार दिवसांचं काम गेलं.
अलेंका काही बोलली नाही.
तिनं सफरचंद कापलं, अर्धं हिला दिलं.

ताण बरोबर आहे हे कसं बघता गं? मी फोनवर विचारलं.
चुंबक धरून विजेनं थरथरवतो,
पडद्यावर आकडा येतो.
एकशे त्रेचाळीस यावा लागतो.

हल्ली ट्यूनरपायी आकडे मलाही पाठ झालेत.
मी गप्प. ती पण गप्प.
मग दोघं एकदमच:
काळी एकच्या अंमळ वर!

सगळ्याच?
सगळ्याच. बावीसशे.
अगं, मग वाजवायचं काय त्याच्यावर?
वाजवायचं नाही, चाचा. हातसुद्धा लावायचा नाही.
शेजारून काहीतरी जातं,
तेवढ्यानं ती सांगते, इथून गेलं.

हे मात्र मला कुणी समजवायला नको.
सतारीच्या वरच्या तारा लोकांना दिसतात.
खाली तरफा असतात, त्यांना कुणी छेडत नाही,
वरचा सूर नेमका लागला की आपोआप बोलतात.
तसं नाही हो, ती म्हणाली,
आत गॅस असतो, वीज सांडते,
आणि अर्धा तास सांगत राहिली.
मी हो हो म्हटलं.
मला माझंच पटलेलं होतं.

पेटी खाली गेली त्याला आता वर्ष होईल.
परवा फोन आला. एक तार मेली,
अकराशे सतरा नंबरची.
आता उघडता येत नाही,
तिची वीज तोडून टाकली.
तिथनं जे जाईल ते आपल्याला दिसणार नाही,
शेजारच्या तारांवरनं अंदाज करायचा.
बसवली कुणी होती?
वही बघितली, चाचा. मीच.
लाईनवर नुसती खरखर.

अलेंकानं सफरचंद कापलं का?

हसली. म्हणाली, नाही, सध्या महाग झालीत.

आज गुरुवार, कुपवाडपर्यंत लाईट नाही.
इचलकरंजीची एक सतार आलीय, जवारी बसलेली.
दाराशी उजेडात घेऊन
कानस फिरवतोय,
दोन हात मारायचे, फुंकायचं, ऐकायचं,
दोन हात मारायचे.