ससा निघालाय

सकाळपासून चौकातला भोंगा बोंबलतोय:
आज एक जून, मुलांचा दिवस,
मुलं म्हणजे फुलं, मुलं म्हणजे उद्याचं अमुक नि तमुक.
अरे, बंद करा तो कुणीतरी.
आमच्या गवताळ मुलखात मुलांना
असं चव्हाट्यावर चांगलं म्हणत नाहीत.
पाळण्यात डोकावून म्हणतात,
शी, काय कुरूप पोर,
आणि लांब बाहीआड तोंड लपवून हसतात.

नावंही तशीच. वाटेवरच्या वाईटाला चकवायला.
एनेबिश, म्हणजे 'हा नव्हेच'.
खुनबिश, 'माणूसच नव्हे'.
मूनोखोई, म्हणजे 'दुष्ट कुत्रा',
आठवीतला सगळ्यांत गरीब मुलगा तो,
स्वतःचा वाडगा विसळून शेजारच्याचाही विसळणारा.
आणि नेरगुई. 'नाव नाही'.
तिच्या आधीच्या दोघांना नावं होती.
ती दोघं राहिली नाहीत.

बारा वर्षं या वसतिगृहात रांधतेय मी.
कुणाची गादी ओली होते मला माहीत,
उशीखाली पाव कोण लपवतं तेही.
सप्टेंबरात सहा वर्षांची पोरं येतात
अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन,
आणि आठवडाभर सगळी माझ्याकडे कांदे चिरायला मागतात,
म्हणजे रडायला कारण होतं.
मी देते. कांदे महाग आहेत, तरी देते.

यंदाच्या हिवाळ्यात फोन वाजायचा तो फक्त आकडे सांगायला.
नेरगुईच्या बापाची तीनशे जनावरं,
फेब्रुवारीअखेर एकोणीस.
तिनं फोन ठेवला, आली,
आणि विचारलं, आज भात आहे का, मावशी?

आज तळणीचे तुकडे तळले पहाटे उठून,
प्रत्येकाला एक पिशवी, वर चार गोळ्या.
मोटारसायकली येतायत, बाप येतायत,
कुणाचा आजोबा दुसरा घोडा सोबत घेऊन.
मी दारातून ओरडते,
जा रे मेल्यांनो, टळा एकदाचे,
तोंड दाखवू नका सप्टेंबरपर्यंत!
ऐकणाऱ्यानं ऐकावं तेवढंच.

बाकीचं पोटात.
घोड्यानं पाडलंच तर ओल्या मातीवर पाडो.
हा शर्ट सप्टेंबरात मनगटाच्या वर यावा.
नदी उतरताना कुणीतरी काठावर असो.
आणि येत्या हिवाळ्यात फोन वाजलाच,
तर नुसता आवाज ऐकायला वाजो,
काय जेवलीस एवढं विचारायला.

दुपारी बेचाळीस गेले.
नेरगुई पायरीवर, फुगा मनगटाला बांधलेला,
संध्याकाळपर्यंत तो सुरकुतला.
येतील, ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

दहा वाजता एक दिवा. साखळी दोनदा तुटली, बाप म्हणाला.
गाडी उसनी. ऐंशी किलोमीटर, काळोखातून.
थांबा सकाळपर्यंत, म्हटलं.
सकाळी गाडी परत द्यायचीय.
मग मी कढईच्या बुडावर बोट फिरवलं
आणि तिच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत
काजळीची रेघ ओढली, आई ओढायची तशी.
काळोखाला ऐकू जाईल असं म्हटलं,
हे मूल नाही हं, ससा निघालाय.

ती हसली. आणि तेवढ्यात
बापानं टोपी काढली,
खाली वाकला, कपाळ पुढे केलं,
चाळिशीचा माणूस, ओठ फाटलेले वाऱ्यानं.
काही बोलला नाही.
मी त्यालाही ओढली.

मागचा तांबडा दिवा टेकडीआड जाईतो उभी होते.
आत येऊन वाडगे पालथे घातले. त्रेचाळीस.
भोंगा कधी बंद झाला कळलंच नाही.
मग चुलीकडे तोंड करून, अगदी हळू,
एकदाच म्हणाले:
गुणाची गं माझी पोर.
निखारे होते थोडे. त्यांनी ऐकलं असलं
तर असू दे.