माप

त्रिपुरी पौर्णिमेला मंडळानं बोर्ड लावला:
भव्य आतषबाजी. दोनशे एक शॉट. प्रवेश मोफत.
खाली सात जणांचे फोटो, हात जोडलेले,
आठव्याचा अर्धाच, कारण बोर्ड तिथं संपत होता.

आप्पा म्हणाले, जाऊ.
मी म्हटलं, चौथ्या मजल्यावरून दिसतं की सगळं.
ते त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.
चपला घातल्या, टोपी झटकली
आणि जिन्याशी जाऊन उभे राहिले
ट्रक लागायची वाट बघावी तसे.

कोपरखैरण्यातली ही बाग म्हणजे पूर्वीचं डंपिंग.
तुर्भ्याच्या मार्केटातला सडका कांदा इथं यायचा,
आप्पांनीच भरून दिलेला, कितीदा तरी.
आता हिरवळ आहे, चालायला लाल पट्टी,
सिमेंटचा जिराफ, त्याच्या मानेवर आधीच तीन पोरं.
आम्ही चादर अंथरली. शेजारी हिराबाई म्हात्रे,
डब्यात उकडलेल्या शेंगा,
मांडीवर नातू, नातवाच्या कानात कापूस.

वेळ आठची. पावणेनऊपर्यंत सत्कार.
शाल, नारळ. शाल, नारळ.
नारळ संपले तेव्हा एकाला नुसतीच शाल मिळाली
आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.
चंद्र पारसिकच्या डोंगरावरून केव्हाच निघून
समोरच्या टॉवरच्या टाकीवर येऊन बसला होता.
त्याचं नाव बोर्डावर नव्हतं.

मग दिवे गेले.
पहिला शिटी मारत वर चढला, फुटला,
आणि आप्पा म्हणाले, "लाभ."

मोठ्यानं. गावी खळ्यावर धान्य मापताना म्हणतात तसं.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
मग दोन. मग तीन.
चाळीस वर्षं पाठीवरून गेलेली प्रत्येक गोणी
त्यांनी अशीच मोजली, टोळीचा मुकादम काहीही सांगो.
आवाज आता कानातून येत नाही त्यांना,
छातीत येतो, म्हणून एक हात तिथं,
दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकतोय.

वर हिरवं झालं, जांभळं झालं,
एक चांदीचं झाड अर्ध्यातच विझलं,
पाच हजार माणसं एकदम "अगं बाई" म्हणाली.
म्हात्र्यांचा नातू रडला, मग हसला,
मग दोन्ही एकदम.
आप्पांनी यातलं काही पाहिलं का, मला शंका आहे.
त्यांच्या चष्म्यात मात्र सगळं पडत होतं,
बारीक होऊन.

दिवे आले. "एकशे एकोणनव्वद," आप्पा म्हणाले. "बारा कमी."
आप्पा, फुकट होतं.
"फुकट असंल. माप ते माप."
आणि निघाले थेट स्टेजकडं.

तिथं बिल्ला लावलेला एक पोरगा वायरी गुंडाळत होता.
"बारा!" आप्पा म्हणाले.
"बाराला नाही आजोबा, संपलं आता. घरी जा सावकाश."
त्यानं पाण्याची बाटली दिली.
आप्पांनी ती दिव्यासमोर धरून
पाणी कुठवर आहे ते बघितलं.

परतताना रस्ताभर तेच.
तोलणारानं मारलं, की मालच कमी आला?
मी हं म्हणत होते. हं त्यांना ऐकू येत नाही,
पण मान हललेली दिसते.

मच्छी मार्केटच्या वळणावर होतो तेव्हा
मागून उजेड आला.
रस्ता पांढरा झाला, आमच्या सावल्या
लांब जाऊन बंद शटरवर चढल्या,
उतरल्या, पुन्हा चढल्या.
मी वळून पाहिलं.
अडकलेली वात उशिरा पेटली असेल,
नाहीतर पोरांना उरलेला खोका सापडला असेल.
बागेच्या वर, रिकाम्या बागेच्या वर, एकामागून एक.
मोजायचं राहिलंच माझं.

आप्पांनी माझं मनगट धरलं.
"मागनं गाडी येतीया. बाजूला हो."
आणि आम्ही दोघं गटाराच्या झाकणावर
अंग चोरून उभे राहिलो,
ती जाईपर्यंत.