लाँग केस

परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजची जीप
संकेश्वरच्या पुढच्या फाट्यावर येऊन थांबायची,
आणि बाळव्वा विड्यांचं सूप बाजूला सारून निघायची.
तीनशे रुपये, दोन वेळचं जेवण, बिस्किटाचा पुडा,
चार दिवस गादीची खाट.
शेजारणींना सांगायची : कॉलेजात शिकवाय चाललोय.

खोटं नव्हतं ते.

उसाला लागून आमचे तीन मजले.
पाटीवर वर कन्नड, खाली इंग्रजी.
मराठी फक्त कँटीनच्या फळ्यावर, खडूनं : ‘भात संपला’.
कारखाना सुरू झाला की मळीचा वास
थेट मेडिसिनच्या वॉर्डात, सलाईनच्या बाटल्यांपर्यंत.

माझा नंबर अकरावा. परीक्षक हुबळीचे,
चष्म्यावरून बघणारे.
पाठ केलेलं कन्नड मी पुढं केलं : नोवु एल्लि?
ती मराठीत म्हणाली,
‘दुखत न्हाई काय. दम लागतोय. लिही.’
मी लिहिलं.
‘उशा इचारलीस न्हाईस.’
किती उशा घेता झोपताना?
‘दोन. पावसाळ्यात तीन.’

मग नळी कानात, घंटा छातीवर.
पहिला ठोका आला. दुसराही आला.
मधल्या जागेत नुसतं माझंच रक्त,
आणि नळीवरून ओघळणारा घाम.
परीक्षक शेजारच्या खाटेपाशी होते,
त्यांच्या बुटांचा आवाज इकडं वळला, तेव्हा
बाळव्वानं पदर खोचला,
कुणी न सांगता डाव्या कुशीवर वळली,
श्वास सोडला, आणि तिथंच धरून ठेवला.

तेव्हा आलं ते.
पुस्तकात त्याला काहीबाही नावं आहेत.
ती म्हणायची, वखारीत लांबच्या खोलीत
कोण तरी जर्दा चाळतंय बघ, तसं.
‘ऐकू यालं?’ ओठ न हलवता.
‘कूस का बदलायला लावलीस?’ परीक्षकांनी विचारलं.
‘सर, अशी स्पष्ट ऐकू येते,’ मी म्हणालो,
जणू युक्ती माझीच होती.

पास झालो.

सहा वर्षांनी तिथंच नोकरीला आलो
आणि रेकॉर्ड रूममध्ये तिची फाईल काढली.
उंदरानं एक कोपरा खाल्लेला, बाकी सगळं नीट.
नऊ परीक्षा. नऊ वर्षांची अक्षरं,
काही सुंदर, काही डॉक्टरी.
झडप आवळलेली, प्रत्येकानं बरोबर ओळखलेली.
एकानं तर आकृतीसुद्धा काढली होती, लाल पेन्सिलीनं.
पुढं पाठवा, असं पत्र
कुणी लिहिलेलं नव्हतं.
अकराव्या नंबरच्या पानावर माझं अक्षर होतं.
मीही नव्हतं.

मग लिहिलं. कार्ड, आधार, अंगठा,
बेळगावात तीन खेपा, एकदा मशीनच बंद.
शेवटी मांडीतून नळी घालून
त्यांनी झडप फुग्यानं उघडली.
घरी जाताना ती जिना चढून दाखवत होती,
वर, खाली, पुन्हा वर,
वॉचमन ओरडेपर्यंत.

पुढच्या परीक्षेला जीप दुसऱ्या फाट्यावर गेली.
बाळव्वा एसटीनं आली, इरकल नेसून.
मी घंटा ठेवली. ती सवयीनं डावीकडं वळली.
दोन ठोके. मध्ये जवळजवळ काही नाही.
‘चाळण थांबली की रं.’
‘थांबली.’
‘तीनशे रुपयेबी गेले म्हण की.’
हसलो दोघंही, पण ती माझ्याआधी थांबली.

दुपारी कँटीनकडं जाताना पाहिलं :
वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसून
ती बिस्किटं खात होती, स्वतःच्या पैशांची.
शेजारी पांढऱ्या कोटातली एक पोरगी,
नंबर चौथा, ओठ सुकलेले,
आणि बाळव्वा तिला काहीतरी सांगत होती.
मला एवढंच ऐकू आलं :
‘उशा इचार. सगळी इसरत्यात.’